खडखडाट थांबल्यावर

सोलापुरात अंबादासच्या घराला लागूनच त्याचा यंत्रमाग होता. त्या खडखडाटात बोलायचे तर ओरडावेच लागे. मुलगी हासिनीही ओरडतच बोलायला शिकली होती. पहिलीत जाऊ लागल्यापासून मात्र ती हळू बोले; बाईंनी तसे शिकवले होते. आज शाळेतून आल्याआल्या ती मागाजवळ येऊन काहीतरी सांगू लागली. अंबादासला हलणारे ओठच दिसले. “अगं, मोठ्यानं बोल की!” तिने ओठांवर बोट ठेवले. टॉवेल अर्धाच विणून झाला होता, तरी त्याने माग बंद केला. ती पुन्हा बोलली. ओठ हलले, आवाज आला नाही. “थट्टा करतीस व्हय पप्पाची?” ती हसली नाही. अंबादास गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या तोंडाशी कान नेला. “बाईंनी विचारलं, घरी कुणाला कमी ऐकू येतं का? मी न्हाई म्हणाले. बरोबर सांगितलं ना, पप्पा?”