दहापैकी शून्य

"दहापैकी किती दुखतंय?" सकाळपासून मुलगी तिसऱ्यांदा विचारत होती.

"आठ. शाळेत कधी एवढे पडले नाहीत," बाबा म्हणाले आणि भिंत धरून पुढे सरकले.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर लोकांचे जिने वाचवले आणि स्वतःचे गुडघे घालवले. ऑपरेशन हृदयाला झेपणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी गुडघ्याच्या नसाच बधिर करून बघायचं ठरवलं. आज त्याची चाचणी होती. इंजेक्शन घ्यायचं, जिना चढायचा आणि दुखणं दहापैकी किती उरलं ते सांगायचं.

मुलीला दूरच्या गावी पूल बांधायचं काम आलं होतं. बाबांना असं टाकून कशी जाऊ, म्हणून दोनदा तिनं नकार दिला होता. आता पाचपर्यंत शेवटचं उत्तर कळवायचं होतं. बाबांचा जीव त्यातच अडकला होता. आपल्या गुडघ्यापायी पोरीनं घरी बसायचं नाही, काय वाट्टेल ते होवो.

साडेचारला त्यांना आत घेतलं. मुलगी बाहेर थांबली. पंधरा मिनिटांत बाबा आपले आपण बाहेर आले. गुडघ्यावर पेनाच्या तीन खुणा होत्या, प्रत्येकीत सुईचा लाल ठिपका.

"झालं. मुंगी चावली म्हणायची. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे पळाले. जिना कुठंय?"

"कठडा धरा, बाबा."

"तो बिचारा आहे तिथं राहू दे."

बावीस पायऱ्या. बाबा एकदाही थांबले नाहीत. वर पोचल्यावर लिफ्टच्या दारावर टकटक करून म्हणाले, "हिचं बेअरिंग गेलंय. माझं ठीक आहे." शर्ट पाठीला चिकटला होता.

"किती घाम आलाय तुम्हाला."

"उकडतंय इथं."

"दहापैकी किती?"

"शून्य."

"खरं सांगा."

"अगं, खोटं बोलायला मी काय पुढारी आहे? लाव फोन."

तिला रडू आलं. एवढा आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तिथंच पायरीवर बसून तिनं फोन लावला. "हो, येतेय. सोमवारी हजर होते."

तेवढ्यात नर्स धापा टाकत जिना चढून आली.

"आजोबा, कुठं हिंडताय? चला खाली. आत्ता नुसती वरची कातडी बधिर केली होती, नसेचं इंजेक्शन अजून द्यायचंय."