अडीचची गाडी

भाचीनं संगणकावर १४:४५ टाकलं. भिंतीवरच्या कर्ण्यातून आत्याचा तरुणपणीचा आवाज आला, "पावणेतीनची गाडी चार नंबरवरून सुटेल."

स्टुलावर बसलेली आत्या गालातल्या गालात हसली. बसस्थानकातल्या घोषणांच्या याच खोलीत तिची नोकरी सरली. आता आवाज घोगरा झाला होता. शाळा सुटली की भाची इथंच टेबलाखाली बसून अभ्यास करायची. घड्याळही ती काट्यांच्या आधी या आवाजावरूनच शिकली.

आता स्थानकाचे संगणक भाचीच सांभाळायची. नवं वेळापत्रक चोवीस तासांच्या आकड्यांत बोलायचं. आत्याचा आवाज साठवलेल्या जुन्या प्रोग्रॅमला मात्र 'सव्वा', 'साडे', 'पावणे' आणि पुढे तास, अशीच बोली कळायची. दोघांनाही हात न लावता तिनं मधे एक छोटासा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिला होता, अ‍ॅडॅप्टर. नव्याचं ऐकायचं आणि जुन्याला समजेल अशा बोलीत सांगायचं, एवढंच त्याचं काम.

"म्हणजे दोन अबोला धरलेल्यांच्या मधलं पोर की गं हे!" आत्या म्हणाली.

व्यवस्थापक दारातच उभे होते. "आज जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून यंत्राचा आवाज लावू."

भाचीनं १४:३० टाकलं. कर्णा गप्प. पुन्हा टाकलं. पुन्हा गप्प.

"मग काय, लावायचा यंत्राचा?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"एक मिनिट, साहेब." तिनं पडद्यावर बोट फिरवलं. अ‍ॅडॅप्टरनं 'साडे' आणि 'दोन' बिनचूक पाठवले होते. जुन्या साठ्यात ही जोडीच नव्हती. "आत्या, साडेदोन तू कधी म्हटलंच नाहीस?"

"साडेदोन?" आत्यानं कपाळावर हात मारला. "अख्खं स्थानक हसलं असतं मला! अडीच गं, बाई, अडीच! एवढं मांडीवर घेऊन शिकवलं, ते सगळं कॉलेजात ठेवून आलीस?"

भाची ओशाळून हसली. अ‍ॅडॅप्टरमध्ये तिनं दोन ओळी घातल्या, एक दीडसाठी, एक अडीचसाठी.

"आणि पाऊण? का तिथंही 'पावणेएक' करून ठेवलंयस?"

भाचीनं मुकाट्यानं तिसरी ओळ घातली आणि पुन्हा १४:३० टाकलं.

"अडीचची गाडी दोन नंबरवरून सुटेल. प्रवाशांनी लवकर बसून घ्यावे."

"राहू द्या हाच," म्हणत व्यवस्थापक निघून गेले.

भाची टाळी द्यायला वळली. आत्याचा हात काही पुढे आला नाही. ती अजून कर्ण्याकडेच बघत होती.

"किती भराभर बोलायचे गं मी," ती म्हणाली. "एवढी कुठं जायची घाई होती मला?"