तिरडीमागची मोहरी

लेखकसाहेब, तुम्ही आळशी आहात. या वेबसिरीजमध्येही भूत म्हणजे बाळंतपणात मेलेली बाईच. सहा भाग बघितले, एकदाही घाबरलो नाही.

सातव्या भागात म्हातारी सांगते, अशी बाई लेकराकडे परत येऊ नये म्हणून तिरडीमागे मोहरी टाकतात. माझी नऊ वर्षांची कस्तुरी शेजारी बसून बघत होती. तिची आई तिच्याच बाळंतपणात गेली.

"पप्पा, आपण टाकलेली?"

"टाकलेली. आत्या म्हणाली म्हणून."

कस्तुरी रडली नाही. केरसुणी घेऊन स्मशानाचा रस्ता झाडायला निघाली.

आज चौथा दिवस. शाळेतून आली की ती तिकडेच जाते. मोहरी टाकणारा मीच, त्यामुळे माझं ती ऐकत नाही. गोष्ट तुमची आहे. तिला काय सांगून घरी आणू, ते कळवा.