पानं उलटणारी

विद्यार्थ्यांची मैफल संध्याकाळी होती आणि तिची पियानोची शेवटची तालीम दुपारी, रिकाम्या सभागृहात. शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटून देणारी मैत्रीण तापाने आडवी झाली होती. हे सरांच्या कानावर घातलं असतं, तर त्यांनी कार्यक्रमातून नावच कापलं असतं. म्हणून तिने चकार शब्द काढला नाही. सर अजून यायचे होते.

माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या त्या खुर्च्या. सगळ्या मिटलेल्या होत्या, फक्त दहाव्या रांगेतली एक उघडी. स्प्रिंग गेली असेल, असं म्हणून ती वाजवायला बसली.

स्वतःच पानं उलटत, अडखळत तिने पहिला भाग संपवला आणि वळून पाहिलं. ती खुर्ची मिटली होती. चौथ्या रांगेतली एक उघडी होती.

दुसरा भाग संपला, तेव्हा पहिल्या रांगेतली.

तिसरा सुरू करण्याआधी तिने भीतभीत पाहिलं, तर एकूण एक खुर्ची मिटलेली. तिचा जीव भांड्यात पडला.

पान संपत आलं तसा तिने डावा हात उचलला. त्याआधीच पान उलटलं, अगदी वेळेवर.

मागच्या दारातून सरांचा आवाज आला, "आज बरं वाजवतेयस. फक्त त्या पानं उलटणारीला जरा मागे सरकायला सांग. खांद्यावर रेललीये तुझ्या."