शिडीची सावली

बर्गनमधल्या त्या घरी एस्किल दुपारी दिवा बसवायला गेला. घरमालकीण गुड्वेगबाईंनी दारातच सुनावलं, "तुमच्या आधी दोघं येऊन पळाले. शिडी माझीच घ्या आणि उरका लवकर."

"मी नियमानं काम करतो, बाई."

मेन स्विच पाडून त्यानं तारेत वीज नसल्याची खात्री केली, अर्थिंग जोडलं, दिवा छताला घट्ट कसला. मग खाली उतरून वीज सुरू केली आणि बटण दाबलं.

पडदे ओढलेली खोली उजळली. भिंतीवर शिडीची सावली पडली. शिडी रिकामीच होती. सावलीत मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर एक माणूस उभा होता.

एस्किलचा हात परत बटणाकडे गेला.

"बंद करू नका!" बाई किंचाळल्या. "दिवा विझला की तो एक पायरी उतरतो!"

पण बटण दाबलं गेलं होतं.