पाहुण्याच्या हातावर दही

हैदराबादेत, काचीगुड्याच्या आपल्या छोट्या स्टुडिओत अमेयने फिल्म लावली. लहान मुलांना कॅन्सर समजावून सांगणारी, चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. परीक्षक एकच होती, डॉक्टरांनी पाठवलेली आठ वर्षांची रेणू. भर मे महिन्यात कानटोपी घालून ती पहिल्या खुर्चीत बसली होती.

फिल्ममधला आजार म्हणजे एक जांभळा, ढेरपोट्या पाहुणा. न विचारता घरात शिरतो, सोफ्यावर पसरतो, मुलीचा डबा खातो आणि औषधांना कंटाळून शेवटी बॅग भरतो. रेणू खुदुखुदु हसत होती. शेवटच्या दृश्यात पाहुणा दारात उभा राहिला आणि मुलीच्या आईने त्याच्या हातावर दही घातलं.

"थांबवा अंकल," रेणू म्हणाली. "हे दही नक्को."

"अगं, घरातून कुणी निघालं की आपण देतोच ना?"

"जाणारा नीट परत यावा म्हणून देतात. याला कायकू बोलावता?"

अमेयने कपाळाला हात लावला. सहा महिन्यांत चौदा मोठ्या माणसांनी ती फिल्म पाहिली होती, डॉक्टरांसकट. त्याने तिथल्या तिथे दही खोडलं. आईचा हात मात्र चमचा धरून तसाच पुढे राहिला.

"आता या हाताचं काय करू?"

रेणूने थोडा विचार केला.

"दही परत घाला. पाहुण्याच्या जागी मला उभी करा. सोमवारी माझं ऑपरेशन आहे."