चौथा ठोका

सुकन्याने पेन्सिलीने डब्याच्या झाकणावर कवितेचं कडवं मोठ्याने म्हणत पुन्हा ठोकून पाहिलं. दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिकन कविता, जहाज सुखरूप बंदराला लागल्याची. प्रत्येक ओळीत चार ठोके, कडव्याच्या शेवटच्या ओळीत मात्र तीनच. असं का, ते सरांनी लिहून आणायला सांगितलं होतं. वृत्त चुकलं म्हणावं, तर सहाही कडव्यांत कवी तसाच चुकत होता. तिला काही केल्या उमगेना.

कोळंबी सोलणाऱ्या आईचे हात थांबले. "परत वाच गो."

"आये, इंग्रजी हाय ती."

"असू दे. वाच."

तिने वाचली. आई मान डोलवत ऐकत राहिली. "होडी वाळूवर ओढताना चौघं पाळीपाळीनं हाळी देतात, तसंच हाय ह्ये. पण शेवटाक चौथा गप का? बुडाला काय त्यांचा कोण?"

"कोण नाय बुडत यात. सगळे घरी येतात."

तरी तिने पान मागे उलटलं. शीर्षकाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. परीक्षेला नव्हती म्हणून तिने ती वाचलीच नव्हती: समुद्रावरून न परतलेल्या माझ्या भावास.

तिने अर्थ सांगितला. आईने पुढची कोळंबी उचलली. "तुझा बाबा गेला, तवा आपल्या होडीवर पण वर्षभर त्याच्या पाळीला कोण हाळी देत नव्हतं. तेवढं गप."

सर याला उत्तर मानतील की नाही, सुकन्याला ठाऊक नव्हतं. वहीत तिने आधी लिहिलं होतं, 'एक ठोका कमी.' त्यातला 'ठोका' तिने खोडला आणि 'माणूस' लिहिलं.